गडग्यावरून फिरणारं मशीन

मी लोकांच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहिते आणि त्याचे पैसे घेते. असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. आमच्या जिल्ह्यात ‘होय’ लिहिणारे पैशाला पासरी आहेत. ‘नाही’ लिहिणारी बहुधा मी एकटीच.

धंदा असा. ज्या दुकानात, लॉजवर, खानावळीत कार्डाने पैसे घ्यायचं मशीन असतं, त्यांच्याकडे वर्षातून एकदा बँकेची प्रश्नावली येते. गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर कुठेही साठवला जात नाही, याची खात्री केलीत का? मशीन फक्त नेमलेल्या माणसांच्याच हाती असतं का? त्यात कोणी ढवळाढवळ केली नाही ना, हे नेमाने तपासता का? पानोपानी असे प्रश्न, सगळे इंग्रजीत, आणि प्रत्येकापुढे चौकटी. बहुतेकांचा फॉर्म कोणीतरी ओळखीचा भरून देतो. वरपासून खालपर्यंत होय, होय, होय, आणि तळाला मालकाची सही. पाच मिनिटांचं काम. मला त्याच कामाला दोन दिवस लागतात, कारण मी आधी जाऊन बघते.

बघितलं की काय काय सापडतं! बांद्याच्या एका काजूवाल्याने नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या कार्डांचे, पुढून आणि मागून, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले होते. फोनवरून काजू मागवणाऱ्याला उगाच उठून कार्ड शोधायला लागू नये, एवढाच त्याचा हेतू. पिंगुळीजवळच्या एका लॉजच्या रजिस्टरात नाव, गाव, गाडीचा नंबर आणि त्यापुढे पट्टीने आखलेला रकाना, ‘कार्ड नं.’ मालकाने मला तो अभिमानाने दाखवला. म्हणाला, “पोलिसांनी कधी इचारल्यानी तर आपला सगळा तयार व्हया.” मी त्याला शेजारी बसवलं, त्या रकान्यातून काय काय होऊ शकतं ते सांगितलं. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. त्याने कात्री आणली आणि प्रत्येक पानाची ती कड कापून न्हाणीच्या चुलीत घातली. पाठच्या बाजूला लिहिलेली काही गावांची नावंही त्यात गेली, त्याला इलाज नव्हता.

ही माणसं अडाणी आहेत असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मुंबईत हेच काम मी काचेच्या इमारतीत बसून करत होते. तिथे एका बड्या कंपनीकडे गिऱ्हाइकांच्या कार्डांची आख्खी यादी कोणालाही उघडता येईल अशा कॉम्प्युटरवर पडलेली मी पाहिली. मी ‘नाही’ लिहिलं. साहेब म्हणाले, “जरा प्रॅक्टिकल हो.” दुसऱ्या दिवशी ते काम दुसऱ्या मुलीकडे गेलं आणि त्या कंपनीला भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र मिळालं. बांद्याच्या काजूवाल्याने पुढे निदान माझ्यासमोर सगळे फोटो पुसले. मी नोकरी सोडली आणि मालवणजवळच्या कट्टा गावी, घरी आले. बाबांनी विचारलं, “मुंबयची नोकरी सोडून आता लोकांच्या मशिनी पुसतलंस?” मी म्हटलं, पुसेन, पण खोटं लिहिणार नाही. ते काजूच्या बागेकडे निघून गेले. त्यांचं म्हणणं त्यांच्या परीने बरोबर होतं, पण मला त्या दिवशी ते फार लागलं.

आता काकीची गोष्ट.

काकी म्हणजे माझी सख्खी काकी नव्हे. मालवणच्या किनाऱ्यावर तिची चार खोल्यांची राहायची सोय आणि पुढच्या पडवीत मासळीची खानावळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. सून आणि ती, दोघी मिळून सगळं चालवतात. आता जो तो मोबाइलने पैसे पाठवतो हे खरं, पण कंपनीच्या कार्डावर फिरायला येणारे, गोव्याकडून वर चढणारे परदेशी, मोबाइलवर भरवसा न ठेवणारे निवृत्त मास्तर, यांना मशीन लागतं. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला मोठा रिसॉर्ट झाला आहे. काकीकडे मशीन नसेल तर हे पाहुणे बॅग उचलून तिकडे जाणार, हे तिला कोणी सांगायला नको होतं. खोल्या चालतात त्या याच लोकांवर.

दिवाळीच्या जरा आधी तिचा फोन आला. बँकेचं पत्र आलं होतं. एका पाहुण्याने तक्रार केली होती की आपण ज्या जागी जेवलोच नाही, तिथल्या नावाने आपल्या कार्डावरून पैसे गेलेत. पत्रात पुढे लिहिलं होतं की प्रश्नावली नव्याने भरा, आमचा माणूस तपासणीला येईल, समाधान झालं नाही तर मशीन परत घेतलं जाईल.

मी गेले. काकीला त्या पाहुण्याचं नाव आठवेना. मग सून आतून म्हणाली, “अगो आवशी, तो पुण्याचो नाय काय? होडीतसून डॉल्फिन बघूक गेल्लो तो!” आणि उलगडा झाला. गृहस्थ शुद्ध शाकाहारी. काकीकडे ते उतरले नव्हते, जेवले नव्हते. शेजारच्या होडीवाल्याच्या होडीतून फिरून आले आणि कार्ड काढलं. होडीवाल्याकडे मशीन कुठलं? त्याने दोन घरांमधल्या गडग्यावरून हाक मारली, काकीने मशीन गडग्यावरून दिलं, पैसे काकीच्या खात्यात आले, ते तिने त्याला तिथल्या तिथे दिले. महिनाअखेरीला पुण्यात त्यांच्या बायकोने कार्डाचा हिशेब उघडला तर त्यात मासळीची खानावळ! त्या घरात काय रामायण झालं असेल, ते त्यांचं त्यांना माहीत. नवऱ्याने शपथेवर सांगितलं असणार की मी तिथे पाऊलही ठेवलेलं नाही, आणि ते अक्षरशः खरं होतं.

मला हसू आवरेना. मग मी विचारलं, हे मशीन आणखी कोणाकोणाकडे जातं? काकी सहज म्हणाली, “खंय जाता? ह्या होडयेवाल्याकडेच. कधी नारळपाणीवाल्याकडे. कधी त्या खाजेवाल्या बायकडे. येता परत.” आमच्याकडे दोन घरांमध्ये चिऱ्यांचा गडगा असतो तो हद्द दाखवायला. वस्तू अडवायला नव्हे. त्यावरून माडावर चढायची शिडी जाते, कार्याची मोठी पातेली जातात, वाटीभर सार जातं, वाटीभर मासे येतात. तसंच हे मशीन जात होतं. माझ्या हसण्यावर पाणी पडलं. वाडीभर फिरणाऱ्या मशीनमध्ये कोणी कुठे हात घातला, कोणी अख्खं मशीन बदलून तसंच दुसरं ठेवलं, तर काकीला कळणार कसं? पाहुण्यांची कार्डं लुटली जातील आणि नाव निघेल काकीचं.

मी सांगितलं, हे थांबवायला हवं. काकीचा पारा चढला.

“अगो, मशीन माझा, खानावळ माझी, मगे मी कोणाक दिलंय तर बँकेच्या पोटात कित्याक दुखता?”

मी सांगत राहिले, ती ऐकत राहिली. शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, “माझ्या घोवाची होडी फुटली तेव्हा ह्या होडयेवाल्याच्या बापाशीन लाटेत उडी मारल्यान. त्याका जितो भायर हाडल्यान. आदी फॉर्म भरूक बसलो नाय तो. आता त्याच्या झिलाक मी मशीन नाय म्हणू?”

मी प्रश्नावली मिटून पिशवीत ठेवली.

‘मशीन शेजाऱ्याकडे जातं, काय लिहू?’ असं मी बँकेत फोन करून विचारलं होतं, त्यावर त्याच दुपारी बँकेच्या साहेबांचा फोन आला. तपासणीला येणारे तेच. आवाज गोड. “मॅडम, कशाला ताणताय? त्या प्रश्नासमोर होय लिहून टाका. सीझन आहे. मी येतो, फोटो काढतो, चहा घेतो, जातो. बाईंचं पण काम, आमचं पण काम.”

खरं सांगते, माझं मन क्षणभर डळमळलं. एक चौकट. काकी खूश, साहेब खूश, होडीवाला खूश. पण त्या पानाच्या तळाला सही कोणाची होती? साहेबांची नव्हती. माझी नव्हती. उद्या काही भलतंसलतं झालं तर साहेबांची बदली चिपळूणला झालेली असेल, मी दुसऱ्याच कोणाच्या रजिस्टरात डोकं घातलेलं असेल, आणि बँक काकीपुढे कागद धरून विचारेल, बाई, इथे तुम्हीच लिहिलंय ना की मशीन कोणाच्या हाती देत नाही? चोर सोडून संन्याशाला फाशी. हे मी मुंबईत पाहिलं होतं, फक्त तिथला संन्यासी कॉम्प्युटर विभागातला एक कारकून होता. मी साहेबांना म्हटलं, “तुम्हाला चहा मिळेल. होय मिळणार नाही.”

मग मी गडगा चढून होडीवाल्याकडे गेले. तो जाळं विणत बसला होता. मी मुद्दा सांगितल्यावर त्याने हातातली सुई खाली ठेवली.

“म्हंजे आमी चोर?”

“कोण म्हणतं?”

“तुजो कागद म्हणता.”

मी म्हटलं, “कागद काय म्हणायचं ते म्हणो, तू स्वतःचं मशीन का घेत नाहीस?” तर तो कडवट हसला. दोन वर्षांपूर्वी तो बँकेत गेला होता. त्याला विचारलं, दुकानाचा पत्ता काय? “माका सांग, होडयेक कसलो पत्तो? आज हंय, फाल्या थंय.” बँकेने तोंडाला पानं पुसली आणि तो परत आला. लेखी काही नाही, साधा कागदाचा कपटाही नाही.

आता माझ्या रागाला जागा सापडली. म्हणजे बँक होडीवाल्याला मशीन देत नाही, म्हणून तो काकीचं वापरतो, म्हणून बँक काकीचं काढून घेणार! आणि वर काकीनेच खोटं लिहावं, हा सल्लाही बँकेचाच.

त्या प्रश्नावलीचं एक शेवटचं पान असतं. ते कोणी वाचत नाही, कारण सगळीकडे होय असलं की ते रिकामंच राहतं. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आहे, ते ‘होय’ कधी आणि कसं होणार, हे लिहायची ती जागा. मी त्या पानावर मराठीत लिहिलं. फॉर्म इंग्रजी असला म्हणून काय झालं, सही करणारीला वाचता आलं पाहिजे. लिहिलं ते असं: हे मशीन शेजारच्या होडीवाल्याकडे आणि कधी कधी आणखी दोघांकडेही वापरलं गेलं आहे. होडीवाल्याने बँकेकडे स्वतःचं मशीन मागितलं होतं. बँकेने दिलं नाही. आजपासून हे मशीन या घराबाहेर जाणार नाही. शेजाऱ्याची सोय करणं बँकेच्या हाती आहे.

काकीने चष्मा लावून ते दोनदा मोठ्याने वाचलं.

“आनि मशीन नेवक इले तर?”

“नेतील,” मी म्हटलं. तिच्याशी तरी मला खोटं बोलायचं नव्हतं. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं, पेन घेतलं आणि सही केली. मग उठून स्वतः गडग्याशी गेली आणि होडीवाल्याला हाक मारली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. परत आली तेव्हा डोळे पदराने पुसत होती. मला म्हणाली, “जा आता तू.”

पुढचे दिवस वाईट गेले. गडग्यावरून वाटीभर मासे येणं बंद झालं. होडीवाल्याची बायको काकीला बघून तोंड फिरवायची. मी गेले की काकी पान वाढायची, पण माझ्याशी बोलायची नाही. तरी शिकवणी चालू होती. मशीनच्या पाठीवरचा नंबर रोज सकाळी कागदाशी ताडून बघायचा. स्क्रू, कड, वायर यांवरून बोट फिरवायचं. ‘दुरुस्तीला आलोय’ म्हणून कोणी आला तर आधी ओळखपत्र मागायचं, मग पत्रातल्या नंबरावर बँकेला फोन करून विचारायचं, तोवर हात लावू द्यायचा नाही. मशीनला हात कोणी लावायचा त्यांची यादी मी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवली. काकी आणि सून, दोनच नावं.

इकडे मी होडीवाल्याला घेऊन बँकेत खेपा घालत होते. होडीचं रजिस्ट्रेशन, प्रवासी नेण्याचा परवाना, घरपट्टीची पावती. साहेब म्हणाले, दुकानाचा फोटो लागतो. आम्ही वाळूवर ओढलेल्या होडीसमोर त्याला इस्त्रीच्या शर्टात उभा केला आणि फोटो काढला. साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही प्रकरण वाढवताय.”

“वाढवतेय. मशीन देता येत नसेल तर तसं लेखी द्या. मी ते काकींच्या फॉर्मला जोडते.”

साहेबांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. दुसऱ्याला ‘होय’ लिहायला सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या सहीने ‘नाही’ लिहायला किती जड जातं, ते मी तिथे समोर बसून पाहिलं. मला अजिबात दया आली नाही. आठवड्याने होडीवाल्याला मशीन मंजूर झालं. पत्त्याच्या जागी त्याच्या घराचा नंबर टाकला. हे दोन वर्षांपूर्वी का सुचलं नाही, हे मी विचारलं, तर साहेबांनी फाइल मिटली. ज्या दिवशी त्याच्या हाती मशीन आलं, त्या दिवशी त्याची बायको बांगड्यांचं ताट घेऊन गडग्याशी आली. या बांगड्या हातातल्या नव्हेत, बांगडे मासे! सहा ताजे बांगडे होते आणि काकीने त्यातले दोन मला तळून घातले. बोलली मात्र अजून नाही.

राहिली तपासणी.

साहेब भर जेवणाच्या वेळी आले. पडवीत तीन टेबलं भरलेली, मी कोपऱ्यात पानावर. साधा शर्ट, पायात चप्पल, गळ्यात काही नाही. मला बघून हसले, सरळ गल्ल्याशी गेले आणि मशीनकडे हात नेला.

“थांब,” काकी म्हणाली. तिच्या हातात आमटी वाढायचा डाव होता. “तू कोण?”

“मी बँकेतून आलोय, बाई. पत्र आलंय ना?”

“पत्र इला. तू पत्रात बसान इलंस काय? ओळखपत्र दाखय.”

साहेबांनी खिसे चाचपले. ओळखपत्र गाडीत राहिलं होतं आणि गाडी दूर नाक्यावर उभी होती. ते माझ्याकडे वळले. “मॅडम, सांगा ना यांना. तुम्ही ओळखता मला.”

मी तोंड उघडणार तोच काकीने माझ्याकडे न बघताच सांगितलं, “तू जेव.”

मी जेवले. काकीने मशीन उचलून काखेत मारलं, सुनेला पत्र आणायला सांगितलं आणि त्यातल्या नंबरावर फोन लावला. पलीकडे संगीत वाजायला लागलं. ते वाजतच राहिलं. साहेब उभे. काकीने त्यांना खुर्ची दिली, तांब्याभर पाणी दिलं, सोलकढीचा ग्लास दिला. “बस रे, घे. उन्हातसून इलंस. मशीन मात्र मेळाचा नाय.” टेबलांवरचे पाहुणे जेवायचे थांबून बघत होते. साहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मध्येच आवाज चढवला, “बाई, हे मशीन बँकेचं आहे!” काकी फोन कानाला तसाच धरून म्हणाली, “म्हणानच राखतंय.”

शेवटी पलीकडून माणूस बोलला. काकीने नाव विचारलं, वर्णन विचारलं. साहेबांनी मुकाट्याने गाडीतून ओळखपत्र आणलं. तिने फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिले, मग मशीन टेबलावर ठेवलं, पण आपली दोन बोटं त्यावरून काढली नाहीत. साहेबांनी नंबर बघितला, भिंतीवरची यादी बघितली, फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि सही केली. जाताना म्हणाले, “मशीन राहू दे तुमच्याकडे.” काकीने त्यांना सोलकढी आणखी एक ग्लास घ्यायला लावली.

ते गेल्यावर मी हात धुतले. तपासणीत कुठे काही सैल झालं नाही ना, ते बघायला मी सवयीने मशीन उचलायला गेले. काकीचा हात आधी त्यावर पडला.

“यादीत तुजा नाव आसा?”

मी भिंतीकडे बघितलं. यादी माझ्याच अक्षरातली. माझं नाव नव्हतं. ते घालावं असं मला सुचलंही नव्हतं.

“काकी, अगं, मीच शिकवलं ना तुला हे सगळं!”

“म्हणान तर,” काकी म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी हसून बोलत होती.

मी हात मागे घेतला. मुंबईच्या काचेच्या इमारतीत मी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला होता. माझं म्हणणं इतकं पुरतं कोणी कधी ऐकलं नव्हतं.